मेढ्याजवळची २० बाय १० पोर्टा केबिन विकायची आहे, किंमत कशी धरायची?

शिवार_मेढा

नमस्कार मंडळी. मेढ्याजवळ शेतात एक पोर्टा केबिन (उचलून नेता येणारी पत्र्याची तयार खोली) आहे. शेजारी पक्कं घर झाल्यामुळे ती काढायची आहे. माप २० बाय १० फूट, उंची साडेआठ. खाली लोखंडी चॅनेलची चौकट, बाहेरून पन्हळी पत्रा, मध्ये ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा थर), आतून प्री-लॅम (लॅमिनेट चढवलेला) बोर्ड, तळाला सिमेंट बोर्ड आणि त्यावर व्हिनाइल. एका कोपऱ्यात ५ बाय ४ चं संडास-बाथरूम, एक दार, दोन सरकत्या खिडक्या. सहा वर्षांपूर्वीचं बिल २ लाख १० हजार अधिक जीएसटी. सहा सिमेंटच्या ठोकळ्यांवर नुसती ठेवलेली आहे, जमिनीत काही पुरलेलं नाही.

तीन आकडे आलेत. भंगारवाला किलोवर मागतोय. शिरवळकडचा एक ठेकेदार ९० हजार देतो म्हणतो, उचलून तोच नेणार. वाईचा एक जण सव्वा लाखाला तयार आहे, पण म्हणतो पोच करून द्या. वर्षाला १० टक्के घसारा धरला तर बिलावरून १ लाख ११ हजार येतात. यातला कोणता आकडा धरायचा?

पत्रा_आणि_चॅनेल

जुन्या बिलाचा उपयोग एवढाच की त्यात पत्र्याचं गेज (जाडी) आणि चॅनेलचं माप लिहिलेलं असतं. त्यावरून घसारा काढू नका. गिऱ्हाईक तुमचं बिल बघून पैसे देत नाही, आज नवीन केबिन कितीला पडते ते बघून देतो. सहा वर्षांत लोखंड, बोर्ड, मजुरी सगळ्यांचे दर हलले. त्यामुळे पहिलं काम म्हणजे साताऱ्यातल्या किंवा शिरवळच्या केबिन बनवणाऱ्या दोन-तीन फॅब्रिकेटरकडून ह्याच मापाचं, ह्याच मालाचं आजचं कोटेशन घ्या. कोटेशन फोड करून मागा: सांगाडा-पत्रा किती, आतलं अस्तर आणि तळ किती, दार-खिडक्या, संडास, वायरिंग किती. पोच धरून की न धरून, तेही लिहून घ्या.

तळाचा आकडा भंगाराचा. तो स्वतः काढून ठेवा म्हणजे कोणी फसवणार नाही. तुमच्या मापाच्या केबिनचा हिशोब साधारण असा बसतो. तळाची चौकट १०० बाय ५० चॅनेलची असेल तर घेर १८.३ मीटर, मीटरला साडेनऊ किलो, म्हणजे १७५ किलो. मधले आडवे ७५ चे चॅनेल दर दोन फुटांवर, नऊ नग, मीटरला ७ किलोच्या आसपास, म्हणजे १९५. भिंतीचा पत्रा १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. तो चौरस मीटरला ९.४ किलो भरतो. दार-खिडक्या वजा करून आणि पन्हळीचा वाढीव पत्रा धरून ५० चौरस मीटर, म्हणजे ४७० किलो. छताचे २०० किलो. उभे-आडवे चौकोनी पाइप १८० किलो. बेरीज १,२०० किलोच्या वर थोडी.

पण तीच केबिन काट्यावर चढवली की सव्वादोन टन भरेल. वरचा टन कुठून आला? सिमेंट बोर्ड एकटा चारशे-साडेचारशे किलो, आतले बोर्ड साडेतीनशेच्या पुढे, बाकी दार, काच, संडासाचं भांडं, ग्लासवूल. हा माल भंगारात शून्य, उलट तो सोलून काढायची मजुरी लागते. म्हणून भंगारवाल्याशी बोलताना 'एकूण वजनावर कमी दर' की 'फक्त लोखंडावर पूर्ण दर' हे आधी ठरवा. किलोला ३० रुपये धरले तर १,२२० किलोचे ३६,६०० होतात. दर रोज हलतो, त्या दिवशीचा दोन ठिकाणी विचारा.

पत्रा खरंच १८ गेजचा आहे का, तेही बघा. दाराच्या चौकटीजवळ कापलेली कड उघडी असते, तिथे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. रंगासकट १.३ च्या आसपास आलं तर ठीक. ०.९ आलं तर तो २० गेज, आणि कोटेशनही २० गेजचंच मागायला हवं. इथेच बऱ्याच जणांची किंमत चुकते, नवीन जाड मालाचा दर जुन्या पातळ मालाला लावतात.

हायड्रा_ट्रेलर

रुंदी १० फूट आहे ना? मग किमतीआधी हे वाचा.

गाडीची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. दोन्ही बाजूंनी मिळून ४५ सेंटिमीटर बाहेर. बाजूने बाहेर आलेल्या लोडला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. ८ फुटी केबिन (२.४४ मीटर) आरामात बसते, म्हणून जुन्या बाजारात २० बाय ८ पटकन जाते आणि २० बाय १० ला गिऱ्हाईक जागा मोठी म्हणून खूश होतो, मग उचलायच्या दिवशी भाव पाडतो. रीतसर न्यायची तर जास्त मापाच्या लोडची परवानगी काढायची, लाल झेंडे, दिवसाची वाहतूक. त्याचा खर्च आणि वेळ धरा.

उंची पण मोजा. ट्रकचा हौदा जमिनीपासून सव्वा मीटर, वर केबिन २.६ मीटर, म्हणजे पावणेचार-चार मीटर. महामार्गावर चालतं. गावातल्या लोंबत्या सर्व्हिस वायरी आणि आंब्याच्या फांद्या यांचं काय ते आदल्या दिवशी बांबू घेऊन मोजून या.

वाईवाल्याला एकच विचारा: जागा पसरणी घाटाच्या खाली की वर? खाली असेल तर कुडाळ-पाचवडवरून सरळ येते. वर असेल तर १० फूट रुंद लोड त्या वळणांवर समोरून येणाऱ्या एसटीला जागा देणार नाही. तिथे मी तरी हात घालणार नाही.

भाडं दोन्ही टोकांना हायड्रा (उचलायची क्रेन) अधिक गाडी असं धरा. हायड्राचे तास यार्डातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत मोजतात. वाईला हायड्रा साताऱ्याहून न नेता तिथलाच बघा, एवढ्यानेच दोन-अडीच तास वाचतात.

माणदेशी_पत्र्याखाली

वरचा हिशोब बरोबर आहे, पण केबिन कुठे उभी होती यावर अर्धी किंमत ठरते, ते कोणी बोललं नाही. आमच्या माणमधली, म्हसवड-दहिवडीकडची सहा वर्षांची केबिन आणि तुमच्या मेढ्याकडची, जावळीची सहा वर्षांची केबिन एक नव्हे. आमच्याकडे गंज कमी, पण उन्हाने सिलिकॉन तडकतं आणि पीव्हीसीची पट्टी वाकते. जावळीत पाऊस चार महिने आडवा मारतो. पाणी पत्र्याच्या खालच्या कडेतून आत शिरतं, ग्लासवूल ते स्पंजसारखं धरून ठेवते आणि पत्रा आतून खातो. बाहेरचा रंग झकास दिसतो.

शिवार, गिऱ्हाईक यायच्या आधी तुम्हीच एवढं बघा.

बोटाच्या गाठीने भिंत खालपासून वर वाजवत जा. जमिनीपासून पहिला वीतभर भाग मऊ, बद्द वाजला तर पेचकस टोचून बघा. आत गेला तर तो भाग कापून नवी पट्टी मारावी लागेल, तिथे रंग उपयोगाचा नाही.

संडासाखालचं चॅनेल बॅटरी लावून खालून बघा. सगळ्यात आधी तेच जातं, कारण कमोडच्या सांध्यातून रोज थोडं पाणी झिरपतं. पापुद्रे निघत असतील तर हातोडीने झाडा, उरलेली जाडी मोजा.

तळाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ५-१० मिलिमीटरचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर चौकट पिळलीय, बहुतेक एखादा ठोकळा खचलाय. त्याची खूण म्हणजे दार वरच्या कोपऱ्यात घासतं. पण हे भिण्यासारखं नाही, जॅकने उचलून ठोकळ्याखाली पत्र्याचे तुकडे सरकवले की अनेकदा दार आपोआप मोकळं होतं. न्यायच्या आधी हे नक्की करा, दोनशे रुपयांच्या कामावर गिऱ्हाईक दहा हजार तोडतो.

छतावर पाइपने पाणी सोडा, पण खालच्या सांध्यापासून सुरू करून वर जा, एका सांध्यावर पाच-सात मिनिटं. एकदम सगळीकडे ओतलं तर गळती कुठली ते कळत नाही.

आणि विकण्याआधी रंग मारू नका. ताजा रंग म्हणजे काहीतरी झाकलंय, हे जुनी केबिन घेणाऱ्या प्रत्येकाला कळतं. धुवा, जाळी-कोळी काढा, विजेचा खराब एमसीबी (ब्रेकर) बदला, बस.

शिवार_मेढा

सगळं करून पाहिलं. पत्रा दाराजवळ १.२८ आला. पश्चिमेच्या भिंतीला खालून १८ फूट लांबीत पत्रा मऊ आहे, बाकी तीन भिंती टणक. संडासाखालच्या दोन चॅनेलना पापुद्रे आहेत, पण झाडल्यावर जाडी बरी वाटली, भोक नाही. संडासाच्या भिंतीलगतचे सहा बोर्ड फुगलेत. छताच्या एका सांध्यातून थेंब येतो. कर्णांत १४ मिलिमीटरचा फरक होता, एक ठोकळा उचलून घेतल्यावर ६ वर आला, दार लागायला लागलं. दोन फॅब्रिकेटरचे दर चौरस फुटाला १,२०० आणि १,३००, जीएसटी वेगळा, जिल्ह्यात पोच धरून. वाईवाल्याची जागा घाटाच्या खाली आहे.

पत्रा_आणि_चॅनेल

हे झक्क झालं. आता हिशोब.

मधला दर १,२५० धरू. २०० चौरस फुटांचे २ लाख ५० हजार. फोड अशी धरतो, तुमच्या कोटेशनमध्ये वेगळी असेल तर ती घाला: सांगाडा आणि पत्रा १,२५,०००, अस्तर, ग्लासवूल, तळ ६२,५००, दार-खिडक्या २०,०००, संडास आणि नळ २५,०००, वायरिंग १७,५००.

प्रत्येकाला घसारा वेगळा. सरसकट १० टक्के हे इथेच चुकतं, सांगाडा आणि कमोड एका वेगाने म्हातारे होत नाहीत. जावळीच्या पावसात सांगाड्याला मी १५ वर्षं धरतो (माणमध्ये २० धरली असती). सहा गेली, नऊ राहिली, म्हणजे ६० टक्के, ७५,०००. अस्तर-तळ दहा वर्षांचं, ४० टक्के, २५,०००. दार-खिडक्या निम्म्या, १०,०००. संडास ३० टक्के, ७,५००. वायरिंग ४० टक्के, ७,०००. बेरीज १,२४,५००.

आता दुरुस्ती वजा करायची, पण एकच गोष्ट दोनदा कापू नका. फुगलेले सहा बोर्ड आपण अस्तराच्या ४० टक्क्यांत मोजलेच आहेत, त्यांचे वेगळे पैसे तोडायला गिऱ्हाईक बघेल, देऊ नका. पश्चिमेची १८ फूट पट्टी मात्र वयापेक्षा जास्तीचं नुकसान आहे. कापणं, नवा पत्रा, वेल्डिंग, प्रायमर धरून १४,००० आणि छताचा सांधा ४,००० धरू. वेल्डरकडून खरा आकडा घ्या. उरले १,०६,५००.

ही किंमत गिऱ्हाइकाच्या जागेवरची, कारण कोटेशनही पोच धरून होतं. दोन हायड्रा आणि गाडी मिळून २२,००० धरले तर तुमच्या शेतातली किंमत ८४,५००.

पुढचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. हा आकडा जीएसटी सोडून आहे. ठेकेदाराची नोंदणी असेल तर नवीन केबिनवरचा १८ टक्के जीएसटी त्याला परत वळता होतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने नवीनची किंमत अडीच लाखच. वाईवाला घरासाठी घेत असेल तर त्याला नवीन २ लाख ९५ हजारांना पडते, त्याला ते १८ टक्के वाचतायत. म्हणून त्याच्यासाठी १,२४,५०० वर १८ टक्के चढवा, १,४६,९०० होतात. दुरुस्ती वजा जाता पोच किंमत १,२८,९००, जागेवर १,०६,९००.

आता तुमच्या दोन आकड्यांकडे बघा. ठेकेदाराचे ९० हजार ८४,५०० च्या वरच आहेत. वाईवाल्याचा सव्वा लाख म्हणजे हातात १ लाख ३ हजार. म्हणजे फरक पस्तीस हजारांचा नाही, तेरा हजारांचा आहे. आणि त्या तेरा हजारांसाठी १० फुटी लोडची जबाबदारी तुमच्या डोक्यावर.

हायड्रा_ट्रेलर

एका दंडात ते तेरा हजार जाऊन वर सात लागतील. वाईवाल्याला सांगा, केबिन १ लाख ५ ला जागेवर घे, गाडी तुझी. किंवा पोच हवी तर भाडं, परवानगी जे बिल होईल ते वेगळं. ठोक 'पोच'ला हो म्हणू नका.

माणदेशी_पत्र्याखाली

आणि घाई नसेल तर पावसाळ्यात विकू नका. एक तर काळ्या मातीत हायड्रा रुततो, तो काढायला दुसरा हायड्रा. शिवाय जूननंतर साइटची कामं थंडावतात. दिवाळी झाल्यावर फेब्रुवारीपर्यंत रस्त्याचे, पवनचक्कीचे ठेकेदार आणि स्ट्रॉबेरीचे स्टॉलवाले सगळे एकदम शोधत असतात. पाचगणी-महाबळेश्वरकडचं गिऱ्हाईक आलं तर त्याने जागेची परवानगी बघितलीय का ते विचारा. तो पट्टा २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह आहे, ॲडव्हान्स देऊन मग 'तिथे ठेवता येत नाही' म्हणून परत मागणारे असतात.

ऑनलाइन जाहिरातींवर विसंबू नका. ते मागितलेले भाव. जी जाहिरात तीन महिने तशीच आहे, तिचा आकडा चुकीचा आहे एवढंच त्यातून कळतं.

नमुना_आठ

कागदांचं थोडक्यात. ठोकळ्यांवर नुसती ठेवलेली केबिन ही जंगम वस्तू, तिला खरेदीखत-नोंदणी लागत नाही. पाय काँक्रीटमध्ये गाडलेले असते किंवा जमिनीसकट विकली असती तर गोष्ट वेगळी, मग मुद्रांक शुल्क आणि शासकीय मूल्यदर आले असते.

ग्रामपंचायतीत नमुना ८ ला (घरपट्टीच्या नोंदवहीत) केबिनची घर म्हणून नोंद झाली असेल तर उचलल्यावर नोंद कमी करायचा अर्ज द्या, नाहीतर घरपट्टी येत राहील. महावितरणचा मीटर जागेचा असतो, केबिनबरोबर जात नाही. वायर आधी तोडून घ्या, आणि ती लाइनमनकडूनच.

विक्रीपत्रावर माप, पत्र्याचं गेज, 'जशी आहे तशी' आणि सांगितलेले दोष लिहा: पश्चिमेची पट्टी, छताचा सांधा, फुगलेले बोर्ड. लिहिलेला दोष नंतर भांडणाला येत नाही. उचलायची शेवटची तारीख आणि 'हायड्राचे पट्टे ताणले गेल्यापासून जबाबदारी घेणाऱ्याची' ही ओळ घाला. पूर्ण पैसे खात्यावर आल्याशिवाय हायड्रा बांधावर येऊ देऊ नका. एकदा वर उचलल्यावर घासाघीस सुरू होते आणि हायड्राच्या तासांचा मीटर तुमचा चालू असतो.

चाकांवरची आरसीवाली कॅरॅव्हान असती तर आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० लागले असते. इथे नाही.

शिवार_मेढा

ठेकेदाराला ९५ सांगितले, तो ९२ वर आलाय, वाईवाला जागेवर ९८ म्हणतोय. वाईवाल्याकडेच कल आहे. उचलताना माझ्या बाजूने काय करून ठेवायचं?

हायड्रा_ट्रेलर

आदल्या दिवशी कमोडचे बोल्ट आणि ड्रेनचा पाइप सोडा, भांडं काढून गादीत गुंडाळून वेगळं द्या, आत ठेवलं की हमखास तडा जातो. एसी असेल तर त्याचं बाहेरचं युनिट आणि ब्रॅकेट उतरवा. खिडक्यांना टेप, दाराला कुलूप आणि वरून दोरी. आत काही सामान ठेवू नका, सरकलं की बोर्ड फोडतं.

छताचे चारही हुक शिडी लावून बघा. वेल्डिंगच्या टाक्यापाशी गंजाची तांबडी रेघ दिसली तर तो हुक वापरायचा नाही. तुमच्या केबिनला मी तरी तळाच्या चॅनेलखालून पट्टे घालून उचलीन, पश्चिमेची भिंत खालून कमजोर आहे, वरून ओढलं तर तिथेच उघडेल. पट्टे छतापाशी आत दाबले जाऊ नयेत म्हणून वर आडवा बीम, नाहीतर किमान दोन जाड वासे लागतील, ते हायड्रावाल्याला आधीच सांगा. आणि बांधापासून केबिनपर्यंत १० फूट रुंद टणक वाट आहे का ते आज बघा, ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवा.